ट्रॅकसाठी पोर्शे ९११ जीटी३ घेताय? ब्रेक आणि ऑप्शन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्टुटगार्टजवळ राहतो, पोटापाण्यासाठी ब्रेकच्याच कामात आहे आणि उन्हाळ्यातल्या बऱ्याचशा सुट्ट्या होकेनहाइमच्या नाहीतर न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतीच्या ट्रॅकवर घालवतो. त्यामुळे म्युनिकहून, दुबईहून आणि हल्ली पुण्याहूनही एकच फोन वेगवेगळ्या आवाजांत येतो: "जीटी३ बुक करतोय. सेरॅमिक ब्रेक टाकू का?" दर वेळी तेच बोलून घसा कोरडा पडतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

आधीच सांगतो, माझ्याकडे जीटी३ नाही. माझी गाडी जुनी, दोन सीटांची आहे आणि तिच्या किमतीत जीटी३चे ऑप्शन्ससुद्धा पुरे येणार नाहीत. पण दोन मित्रांच्या जीटी३ची चाकं मी स्वतः उतरवली आहेत आणि डिस्कवर टॉर्च मारून तास घालवले आहेत. खालचे आकडे ९९२ पिढीचे, म्हणजे २०२१ साली आलेल्या गाडीचे आहेत.

पाल्हाळ नको. बिडाचे घेऊ की सेरॅमिक?

वर्षाला तीन-चारपेक्षा जास्त ट्रॅक डे (पैसे भरून आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायचे दिवस) करणार असाल तर बिडाचे. गाडी मुख्यतः रस्त्यावर चालणार, एखाद-दुसऱ्या वेळी ट्रॅकवर जाणार आणि पैशांची चणचण नाही, तर सेरॅमिक. हे ऐकून बहुतेकांना उलटंच वाटतं, म्हणून पुढचं वाचा.

'बिडाचे' काय म्हणता? कॉन्फिग्युरेटरमध्ये तर 'स्टील' लिहिलंय.

बोलायची पद्धत आहे. घासली जाणारी कडी असते करड्या बिडाची, मधली टोपी ॲल्युमिनियमची. स्वयंपाकघरात बिडाचा तवा असतो ना, तेच घराणं. तव्याचा गुण ध्यानात ठेवा: तापायला वेळ लागतो, तापला की उष्णता धरून ठेवतो, आणि वर्षानुवर्षं छळला तरी फारसं मनावर घेत नाही. ट्रॅकवर डिस्ककडून साधारण हीच अपेक्षा असते.

दोन्हींत नेमका फरक काय?

मापात फार नाही. बिडाच्या डिस्क पुढे ४०८ मिलिमीटर, मागे ३८०. सेरॅमिकच्या पुढे ४१०, मागे ३९०. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे, पुढे सहा पिस्टनचे, मागे चार पिस्टनचे. ओळखायची सोपी खूण म्हणजे रंग: बिडाला लाल कॅलिपर, सेरॅमिकला पिवळे. पिवळे नको असतील तर काळे मिळतात.

खरा फरक वजनाचा आहे. सेरॅमिक डिस्क त्याच मापाच्या बिडाच्या डिस्कच्या जवळपास निम्म्या वजनाची असते. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, शिवाय फिरणारं. ते कमी झालं की चाक खड्ड्यातून पटकन सावरतं आणि स्टिअरिंग हलकं, चपळ वाटतं. हे कुणी फुगवून सांगितलेलं नाही. एकामागून एक दोन्ही गाड्या चालवल्या तर दहा मिनिटांत कळतं. सेरॅमिकमधून काळी भुकटी फारशी पडत नाही, चाकं स्वच्छ राहतात. गंज नाही. उलट बिडाच्या डिस्कवर गाडी धुऊन रात्रभर उभी केली तरी सकाळी केशरी थर दिसतो. पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये तो जातो, पण शेजाऱ्याने पाहिलं की विचारतोच.

पोर्शेने सेरॅमिक ब्रेक पहिल्यांदा २००१ साली ९११ जीटी२ वर दिले. आत असतं सिलिकॉन कार्बाइड आणि त्यात गुंफलेले कार्बनचे तुकडे-तंतू. हे तंतूच पुढच्या उत्तरात घोळ घालणार आहेत.

सेरॅमिक महाग आहेत, मग ट्रॅकवाली मंडळी स्वस्तातले का घेतात?

कारण तापमान. कार्बन आणि प्राणवायू यांचं फार तापल्यावर जमत नाही, किंवा जरा जास्तच जमतं म्हणा: कार्बन हळूहळू जळतो. रस्त्यावर डिस्क तेवढी तापतच नाही, त्यामुळे सेरॅमिक डिस्क गाडीइतकी टिकली तरी नवल नाही. ट्रॅकवर मात्र दर फेरीला ती त्या तापमानाला जाते आणि आतला कार्बन कमी होत जातो. डिस्कची जाडी जवळपास तेवढीच दिसते, वजन मात्र घटलेलं असतं. साखर विरघळलेल्या खडीसाखरेसारखी ती आतून पोकळ होते.

दुसरी गोष्ट खर्चाची. जर्मनीत २०२१ च्या सुमारास नव्या गाडीवर हा पर्याय नऊ हजार युरोंच्या आसपास पडायचा. इथवर ठीक आहे. पण चारही डिस्क नंतर सुट्या घ्यायच्या झाल्या तर बिल याच्या कितीतरी पुढे जातं. बिडाच्या डिस्क त्यामानाने संपवायच्याच वस्तू आहेत: बारीक तडे डिस्कला पाडलेल्या भोकांपासून निघून कडेला पोचले, किंवा डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपर्यंत ती झिजली, की काढायची आणि नवी बसवायची. झोप उडत नाही.

तिसरी, ठिसूळपणा. ट्रॅकच्या कडेच्या खडीत गाडी गेली आणि एक खडा कॅलिपर-डिस्कच्या मध्ये सापडला, तर सेरॅमिकच्या कडेचा कपचा उडू शकतो. चाक बदलताना रिम डिस्कवर आपटली तरी तेच. म्हणून सेरॅमिकवाल्या गाडीचं चाक काढायचं तर आधी रिम डिस्कवर आपटू न देणारं गाइड लावायचं, हा नियम समजा. टायरच्या दुकानातल्या घाईत असलेल्या पोराला हे आपण उभं राहून सांगायचं.

आणि एक गंमत: पोर्शेची स्वतःची शर्यतीची गाडी, ९११ जीटी३ कप, बिडाच्याच डिस्कवर पळते.

पण फॉर्म्युला वनला कार्बन ब्रेक असतात ना?

असतात, पण ते कार्बन-कार्बन. हे कार्बन-सेरॅमिक. नावात साम्य आहे, एवढंच. कार्बन-कार्बन थंड असताना जवळजवळ लागतच नाहीत. काही शे अंश तापल्यावर जागे होतात. अशा ब्रेकवर सकाळी मुलांना शाळेत सोडायला जाता येणार नाही.

रस्त्यावर माझे ब्रेक वर्षानुवर्षं टिकतात. ट्रॅकवर असं काय वेगळं होतं?

होकेनहाइमला पॅराबोलिका नावाचा लांबलचक, हलका वळणारा पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला श्पिट्सकेऱ, म्हणजे हेअरपिन. समजा तिथे ताशी २४० वरून ७० वर यायचंय. गाडी, माणूस, पेट्रोल मिळून दीड टन. हिशेब केला तर सुमारे तीन मेगाज्यूल ऊर्जा चार सेकंदांत कुठेतरी जायला हवी. थोडी हवा खाते, उरलेली डिस्कमध्ये. घरगुती भाषेत, खोलीच्या तापमानाचं जवळपास दहा लिटर पाणी उकळायला जेवढं लागतं तेवढं. तीन किलोवॉटच्या गिझरला त्यासाठी सोळा-सतरा मिनिटं लागतील. इथे चार सेकंद, आणि दोनेक मिनिटांत परत त्याच जागी. मधली वळणं वेगळीच.

बोरघाटात खाली उतरणाऱ्या ट्रकच्या चाकांचा करपट वास आपण सगळ्यांनी घेतलाय. तिथे चूक ही असते की ड्रायव्हर गिअर सोडून ब्रेक घासत उतरतो. ट्रॅकवरही नवशिक्याची चूक तीच: हळू दाबतो आणि लांबवर दाबून ठेवतो. ब्रेक कडक दाबा, लवकर सोडा. तापायला कमी वेळ आणि थंड व्हायला जास्त वेळ मिळतो.

ब्रेक ऑइल बदलायलाच हवं का? गाडी नवी आहे.

बाकी काहीही वाचू नका, हे वाचा. मला विचाराल तर डिस्क कुठल्या हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ब्रेक ऑइल.

डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असावा लागतो. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, रबरी नळ्यांतूनसुद्धा. ठरावीक पाणी शोषल्यावरचा किमान आकडा आहे १५५. म्हणजे जुनं ऑइल ट्रॅकवर उकळायला फार काही लागत नाही. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि तुमचा पाय तळाला. शर्यतीसाठी बनवलेली ऑइलं मिळतात, त्यांचा कोरडा, म्हणजे पाणी शोषण्याआधीचा, आकडा ३०० च्या पुढे असतो. मोटुल आरबीएफ ६०० किंवा कॅस्ट्रॉल एसआरएफ ही इथल्या पॅडॉकमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी नावं. एसआरएफ महाग आहे, पण पाणी शोषल्यावरही त्याचा आकडा फारसा पडत नाही. पैसे त्याचेच आहेत.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या जुन्या गाडीचा पहिलाच उन्हाळा. सर्व्हिस बुकमध्ये 'ब्रेक ऑइल बदललं' असा शिक्का होता, तारीख ताजी. नवे पॅड टाकले आणि मोठ्या तोऱ्यात गेलो. चौथ्या फेरीत हेअरपिनला पेडल जे गेलं ते कार्पेटपर्यंत. दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा थोडं काहीतरी लागलं. गाडी खडीत जाऊन थांबली. नुकसान काही नाही, फक्त आठवडाभर गाडीतून खडी निघत होती. त्या रात्री कॅलिपरवरचं निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, उघडून बघितलं तर बाहेर आलं ते चहाच्या रंगाचं. नवं ऑइल फिक्कट सोनेरी असतं. तेव्हापासून शिक्क्यावर माझा विश्वास नाही.

आता हे काम मी स्वतः करतो. इथे तासावर भाड्याने मिळणारी वर्कशॉपं असतात, लिफ्टसकट. बायको पेडलवर, मी चाकाशी, निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक जुन्या जॅमच्या बाटलीत. "दाब… धर… सोड." दर वेळी नळीतून एखादा बुडबुडा मोत्यासारखा सरकतो. तो दिसेनासा होईपर्यंत थांबायचं नाही. मोठ्या कॅलिपरला बहुधा दोन निपल असतात, आतलं आणि बाहेरचं. एकच उघडून काम झालं असं समजणारे मेकॅनिकही मी पाहिलेत. टाकीतली पातळी खाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर वरून हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

किती दिवसांनी? रस्त्यावर दोन वर्षांनी. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला हंगामाच्या सुरुवातीला तरी, आणि पेडल जरासं स्पंजासारखं वाटलं की त्याच दिवशी.

डॉट ५ मात्र कधीच नको. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांशी मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं. अशी नावं देणाऱ्याला काय म्हणावं!

पॅड कुठले?

कंपनीचे पॅड पहिल्या एक-दोन ट्रॅक डेला पुरे आहेत. तुम्ही अजून तेवढ्या वेगात नाही आहात, राग मानू नका. वेग वाढला की ट्रॅकचे पॅड. बिडाच्या डिस्कवर पॅजिड कंपनीचे आरएसएल २९ बरेच लोक वापरतात. डिस्कप्रमाणे पॅड बदलतो: बिडाचे पॅड सेरॅमिकवर लावायचे नाहीत, सेरॅमिकचे बिडावर नाहीत. ट्रॅकचे पॅड रस्त्यावर किंचाळतात. सिग्नलला थांबताना एसटीच्या जुन्या बससारखा आवाज आला तर घाबरू नका, ते तसेच असतात.

नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कशी जुळवून घ्यावे लागतात. मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा चढत्या जोराने ब्रेक लावायचे, पण गाडी पूर्ण थांबवायची नाही, आणि मग काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवायची. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. हे न करता थेट ट्रॅकवर गेलात तर थर ठिगळांसारखा बसतो, पेडल थरथरतं आणि लोक म्हणतात "डिस्क वाकली". क्वचितच वाकलेली असते.

सेशन संपल्यावर काय करायचं?

शेवटची फेरी सावकाश, शक्यतो ब्रेकला हात न लावता. म्हणजे पाय न लावता. पिटमध्ये आल्यावर पेडल दाबून धरू नका, आणि पार्किंग ब्रेकऐवजी चाकाला गुटका लावा. लाल झालेल्या डिस्कला पॅड चिकटून राहिला की त्या जागी डाग पडतो आणि तीच थरथर मागे लागते. गाडी उभी करून लगेच बोनेटकडे माणसं गोळा करायची असतील तर एक चक्कर पार्किंगमध्ये मारून या आधी.

होकेनहाइम आणि नॉर्डश्लाइफे, ब्रेकला जास्त त्रास कुठे?

होकेनहाइमला. अंतर ४.५७४ किलोमीटर, पण वेगाने या, करकचून थांबा, परत पळा, असा स्वभाव. नॉर्डश्लाइफे, म्हणजे न्युर्बुर्गरिंगचा जुना लांब ट्रॅक, २०.८ किलोमीटरचा, पण तो वाहत जातो. तिथे बरीच वळणं वेग सोडून घ्यायची असतात, थांबून नाही. तरी आरेमबेर्गच्या आधी, आणि वेऱझाइफेनहून ब्राइडशाइडला उताराने खाली येताना ब्रेकची परीक्षा होते. उताराचं ब्रेकिंग नेहमी जास्त खातं. घाटातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

नॉर्डश्लाइफेवर पर्यटक म्हणून पैसे भरून कुणीही जाऊ शकतो. त्या वेळी तो एकेरी वाहतुकीचा टोल रस्ता असतो, ट्रॅक नव्हे: वाहतुकीचे नियम लागू, ओलांडायचं ते डावीकडूनच, आणि वेळ मोजायला मनाई. दर फेरीला बाहेर पडावं लागतं, त्यामुळे ब्रेकला आपोआप विसावा मिळतो. कंपनीच्या चालकाने याच गाडीत पूर्ण फेरी ६ मिनिटं ५९.९२७ सेकंदांत मारली, हे खरं आहे. तुम्ही ते डोक्यातून काढून टाका. समोर भाड्याची छोटी गाडी आणि तिच्यात व्हिडिओ काढणारं कुटुंब असेल.

विमा? पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा. पुष्कळ पॉलिसींत हा भाग वगळलेला असतो, आणि रेलिंगला धडकलात तर रेलिंगचं बिलही तुम्हालाच येतं.

माझे मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपले. कॅलिपर बिघडला का?

बहुतेक नाही. स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली चालू ठेवून तुम्ही वळणात जरा बेशिस्तपणे गॅस देताय. ती दर वेळी एकेक चाक गुपचूप ब्रेक लावून तुम्हाला वाचवतेय. पॅड तिने खाल्ले. प्रणाली बंद करा असं मी म्हणत नाही. गॅस सावकाश द्यायला शिका. एक दिवस इन्स्ट्रक्टरचे पैसे मोजा, कुठल्याही ऑप्शनपेक्षा जास्त सेकंद त्यात मिळतील.

मॅन्युअल की पीडीके?

मनाला विचारा. पीडीके, म्हणजे पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, वेगवान आहे: शंभरचा वेग ३.४ सेकंदांत, मॅन्युअल ३.९. मॅन्युअल थोडी हलकी, १४१८ किलो, पीडीके १४३५. आणि इंजिन दोन्हींत तेच, चार लिटर, ५१० अश्वशक्ती, ९००० पर्यंत ओरडणारं. ट्रॅकवर नवीन असाल तर पीडीके घ्या; दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात आणि डोकं ब्रेकच्या खुणेवर. मी मॅन्युअल घेईन. तर्क विचारू नका.

क्लबस्पोर्ट पॅकेज घेऊ का? आणि बाकी ऑप्शन्स?

क्लबस्पोर्टला जर्मनीत वेगळे पैसे नाहीत, म्हणून लोक डोळे मिटून टिक करतात. त्यात मागे स्टीलचा पिंजरा, चालकाला सहा पट्ट्यांचा बेल्ट आणि अग्निशामक येतो. खरोखर ट्रॅकवर जाणार असाल तर घ्या. आठवड्याच्या बाजारहाटाला हीच गाडी असेल तर आधी विचार करा, कारण पिंजऱ्याच्या मागे सामान ठेवणं म्हणजे लोकलच्या खिडकीतून पिशवी आत ढकलण्यासारखं आहे.

कार्बनच्या बकेट सीट अप्रतिम आहेत. पण पाठ मागे कलत नाही. घेण्याआधी शोरूममध्ये अर्धा तास बसून बघा. पाच मिनिटं नाही, अर्धा तास. नाशिकच्या एका मित्राने न बसता ऑर्डर केल्या. उत्तम चालवतो, पण उतरताना पाहवत नाही.

पुढचा भाग उचलणारी लिफ्ट: हो. कुठेही राहत असलात तरी हो. हिशेबच करू नका.

९० लिटरची टाकी: लांब प्रवास करून ट्रॅकवर जाणाऱ्याला बरी, पण भरलीत तर मूळ ६४ लिटरच्या टाकीपेक्षा वीसेक किलो जास्त, तेही नाकावर. ट्रॅकवर तशीही अर्धी टाकी ठेवतात.

कार्बनचं छप्पर दिसायला सुंदर. बाकी शिलाईचा रंग, बेल्टचा रंग, किल्लीचा रंग, यांवर माझं काही मत नाही. त्या पैशांत पॅडचे दोन संच येतात एवढं सांगून ठेवतो.

विंग की टूरिंग?

ट्रॅकला विंग. टूरिंग, म्हणजे मागची मोठी विंग नसलेली जीटी३, ज्याला शेजाऱ्यांपासून लपवायचीय त्याला.

चाकाला एकच नट आहे. घरी काढता येईल?

येईल, पण ६०० न्यूटन-मीटरने घट्ट करावा लागतो. साध्या गाडीचा नट १२०-१३० ला होतो. म्हणजे चांगला लांबलचक टॉर्क रेंच, योग्य सॉकेट आणि घट्ट करताना ब्रेक दाबून बसणारा दुसरा माणूस. डिकीत हा सरंजाम मावत नाही. ट्रॅकवर स्वतः पॅड बदलायचे मनात असेल तर याचा खर्च आधीच धरा.

आम्ही भारतात आहोत. इथे वेगळं काही?

पुष्कळ. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, लांब सरळ पट्ट्याचा आणि ब्रेकच्या जिवावर उठणारा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा, वळणावळणाचा. कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे आहे, छोटा. मुंबईहून नोएडा चौदाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे गाडी ट्रेलरवर जाणार.

त्यामुळे माझा सल्ला आणखी पक्का: बिडाचे ब्रेक. वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाल हे खरं, आणि त्या हिशेबाने सेरॅमिक चालतील हेही खरं. पण एखादी सेरॅमिक डिस्क कपचली तर ती परदेशातून यायची, तोवर गाडी झाकून ठेवायची. पॅडचा एक जास्तीचा संच आणि ब्रेक ऑइलच्या सीलबंद बाटल्या घरात असू द्या. उघडलेली बाटली पुढच्या खेपेला वापरू नका, विशेषतः मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत. अर्धी उरली तर उरली. चाळीस अंशांच्या उन्हात सेशन छोटं ठेवा, चार फेऱ्या झाल्या की एक थंड फेरी. आणि लिफ्टबद्दल वर लिहिलंच आहे; आपले गतिरोधक कुठल्या मापाने बांधतात ते बांधणाऱ्यालाच ठाऊक.

सेरॅमिक घेऊन बसलो आणि आता ट्रॅकची चटक लागली. काय करू?

रडू नका, हे पुष्कळांचं होतं. सेरॅमिक डिस्क आणि पॅड काढून, गुंडाळून, कपाटात ठेवा. बाजारात या गाडीसाठी बिडाच्या डिस्कचे संच मिळतात, बरेचसे भोकांऐवजी खाचा असलेले, कारण खाचेतून तडा सहजासहजी निघत नाही. ट्रॅकवर ते वापरा. गाडी विकताना मूळ डिस्क परत बसवा. बसवणाऱ्याला मापाचा फरक आणि कॅलिपर जुळतो का हे आधी तपासायला लावा. पुढच्या डिस्कमध्ये दोन मिलिमीटरचा आणि मागच्यांत दहाचा फरक आहे.

सेरॅमिकवाली जुनी गाडी घेताना काय बघू?

पहिलं, चारही डिस्कच्या कडा. नख फिरवा, कपचा असेल तिथे अडकतं. दुसरं, पृष्ठभाग. निरोगी डिस्क गुळगुळीत करडी दिसते. कार्बन जळालेला असेल तिथे बारीक खड्डे पडून ती जुन्या डांबरासारखी खरबरीत होते. टॉर्च तिरपी धरा, सरळ मारलीत तर काही दिसणार नाही. तिसरं, डीलरकडे कार्बनची झीज मोजायचं उपकरण असतं. ते डिस्कवर टेकवून घेतलेले आकडे लेखी मागा आणि डिस्कवर कोरलेल्या आकड्यांशी ताडून बघा. विकणारा म्हणाला, "गाडी ट्रॅकवर कधी गेलीच नाही," तर मान डोलवा आणि पुढच्या चाकाच्या कमानीत आतून हात फिरवा. बोटांना वितळून चिकटलेले टायरचे रबरी गोळे लागले, तर किमतीची बोलणी नव्याने सुरू करा.